नव्या आवाजाचा काय गुन्हा?

ताई,

मी २६ वर्षांचा आहे. चारकोपला आई-बाबांबरोबर राहतो आणि लोअर परळला व्हिडिओ एडिटर म्हणून काम करतो. लहानपणी आई-बाबा दोघंही नोकरीला जायचे. मी दीड वाजता शाळेतून यायचो, शेजारच्या काकूंकडून किल्ली घ्यायचो, झाकून ठेवलेलं जेवायचो आणि टीव्ही लावायचो. एका जपानी कार्टूनच्या हिंदी डबिंगमधलं एक पात्र रोज दुपारी घरात बोलत असायचं. त्याला आवाज देणारे कलाकार दोन महिन्यांपूर्वी गेले. लोकलमध्ये फोनवर बातमी वाचली. कांदिवलीला उतरायचं राहिलं, बोरिवलीला भानावर आलो. घरी येऊन रडलो तर बाबा म्हणाले, ‘सख्खा काका गेला तेव्हा डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आणि हा तुझा कोण लागत होता?’ काका संगमेश्वरजवळ गावी असायचे, शिमग्याला आणि गणपतीत भेट व्हायची. मला बाबांना उत्तर देता आलं नाही.

आता नव्या कलाकाराच्या आवाजात भाग सुरू झालेत. पहिला भाग पाहून रात्री दोन वाजता मी त्याला इन्स्टाग्रामवर लिहिलं, ‘तुमची लायकी नाही.’ त्याचं उत्तर आलं, ‘प्रयत्न करतोय.’ तेव्हापासून ते उघडायची लाज वाटते. आमच्या चाहत्यांच्या ग्रुपचा बेत वेगळाच आहे. जुन्या भागांतून त्यांचा आवाज वेगळा काढायचा, एआयने नव्या भागांवर बसवायचा आणि चॅनलला पाठवायचा. साउंड साफ करता येतो म्हणून ते काम माझ्याकडे आलं. चाळीस मिनिटांचा स्वच्छ आवाज माझ्या हार्ड डिस्कवर तयार आहे. तो पुढे देऊ का? ओरिजिनल आवाज तो एकच. नवा ऐकला तर माझ्याकडून बेइमानी होईल का?

– चारकोपचा एक वाचक

प्रिय चारकोपकर,

तुझ्या पत्रातलं मालिकेचं आणि दोन्ही कलाकारांचं नाव मी इथे काढून टाकलं आहे. त्या नव्या मुलाच्या इनबॉक्समध्ये आधीच पुरेसं येत असणार, त्यात या सदरामुळे भर नको.

आधी बाबांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो तुला सगळ्यात खोल लागला आहे. दीड वाजल्यापासून संध्याकाळी आई येईपर्यंत घरात एकच मोठा माणूस बोलत होता, आणि तो टीव्हीतून बोलत होता. काकूंनी किल्ली सांभाळली, आईने जेवण झाकून ठेवलं आणि रिकाम्या घराची भीती त्या आवाजाने घालवली. तिघांनीही तुला वाढवलं. यातल्या दोघींशी तुझं नातं काय ते सांगता येतं, तिसऱ्याशी येत नाही, एवढाच फरक. आणि आपल्याकडे दुःखाला वाट करून द्यायच्या ज्या सोयी आहेत, त्या सगळ्या नात्याच्या नावावर मिळतात. सुतक, दहावं-तेरावं, भेटायला येणारी माणसं, शेजारच्या घरून येणारा पिठलं-भाताचा डबा. नातं नसेल तर यातलं काहीच वाट्याला येत नाही. मग माणूस लोकलमध्ये उभ्या उभ्या हरवतो आणि बोरिवलीला उतरतो. तुझ्या रडण्यात मला काहीही चुकीचं दिसत नाही.

बाबांशी वाद घालू नकोस. त्यांना एखाद्या रविवारी विचार, तुमच्या लहानपणी रेडिओवर कोण बोलायचं? त्यांच्या पिढीच्या घरांमध्ये आकाशवाणीचं ‘पुन्हा प्रपंच’ लागायचं. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी या तिघांना कित्येकांनी डोळ्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, तरी मीनावहिनी आणि टेकाडे भावजी घरातलेच होते. २०२४ च्या फेब्रुवारीत रेडिओ निवेदक अमीन सायानी गेले, तेव्हा माझ्या ओळखीच्या एक सत्तरीच्या बाई स्वयंपाकघरात गॅस बंद करून खाली बसल्या होत्या. सायानींना त्या एकदाही भेटल्या नव्हत्या. बाबांच्याही कानात असा एखादा आवाज असेल. त्यांना तो आठवू दे.

काकांबद्दल मात्र एक सांगते. बाबांच्या बोलण्यात तुझ्यावरच्या रागापेक्षा त्यांचं स्वतःचं दुःख जास्त आहे, असं मला वाटतं. त्यांचा भाऊ गेला आणि घरात त्यासाठी कोणी रडताना त्यांना दिसलं नाही. वर्षातून दोनदा भेटलेल्या काकांसाठी तुला रडू आलं नाही, यात तुझा दोष नाही. पण गावी काकूंना एक फोन कर. काका गणपतीत काय काय करायचे ते विचार आणि त्यांना बोलू दे. बाबांना हे सांगायची गरज नाही, कळेल तेव्हा कळेल.

आता त्या ‘ओरिजिनल’ शब्दाबद्दल. तो तू फार सहज वापरला आहेस, आणि तुझी सगळी अडचण मला त्या शब्दातच दिसते.

तुझं कार्टून जपानी. म्हणजे त्या पात्राला सगळ्यात आधी तिकडे टोकियोत कोणीतरी आवाज दिला. तुझे कलाकार आले ते त्यानंतर. मुंबईतल्या एखाद्या छोट्याशा, भिंतींना फोम लावलेल्या खोलीत ते एकटे उभे राहिले, कानाला हेडफोन, त्यात जपानी आवाज, समोर पडदा, स्टँडवर हिंदी संवाद. त्या चित्राच्या ओठांची उघडझाप जपानी वाक्याच्या मापाची, आणि त्यात हिंदी वाक्य बसवायचं. डबिंगमध्ये यालाच लिपसिंक म्हणतात. ओळ बसली नाही की परत, पुन्हा परत. हल्ली प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा घेतात, त्यामुळे पडद्यावर कडाकडा भांडणारी दोन पात्रं स्टुडिओत एकमेकांना भेटलेली नसतात. असं वर्षानुवर्षं करून त्यांनी दुसऱ्याचं पात्र तुझ्यासाठी आपलंसं केलं. तुझा लाडका आवाज हाच मुळात त्या पात्राचा दुसरा आवाज होता. त्यांनाही पहिल्या दिवशी कोणाच्या तरी जागी उभं राहावं लागलं होतं.

डोरेमॉनचं उदाहरण घे, तुझ्या पिढीला ते जवळचं आहे. जपानमध्ये नोबुयो ओयामा यांनी १९७९ पासून २००५ पर्यंत डोरेमॉनचा आवाज दिला. २००५ साली तिथे मुख्य कलाकार बदलले आणि वासाबी मिझुता आल्या. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ओयामा गेल्या, तेव्हा त्यांच्या आवाजावर वाढलेली तिथली माणसं तुझ्यासारखीच हळहळली. आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी मात्र तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्यांचा डोरेमॉन सोनल कौशल यांच्या हिंदीतून बोलत होता आणि त्यांना तोच खरा होता. जपानमध्येही २००५ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी मिझुताच खऱ्या. यातलं कोणतं मूल चुकतं आहे, सांग.

मी हे बाहेरून बोलत नाही. हे सदर लिहायला लागण्याआधी मी बरीच वर्षं आवाजाचं काम केलं. रेडिओ नाटकं, जाहिराती, माहितीपट, जे मिळेल ते. तिशीत असताना एका श्राव्य मालिकेत मला एका आत्याबाईंची भूमिका मिळाली, कारण ती करणाऱ्या बाई अचानक वारल्या होत्या. मी त्यांच्या हाताखाली शिकले होते. माइकपासून किती अंतरावर उभं राहायचं, संवादाचा कागद आवाज न करता कसा उलटायचा, हे त्यांनी शिकवलं होतं. त्यांच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी मी त्यांच्या माइकसमोर उभी होते. निर्मात्यांनी सांगितलं, ‘श्रोत्यांना कळता कामा नये. अगदी त्यांच्यासारखंच बोला.’

मी बोलले. तीन भाग मी त्यांचा आवाज काढला. घशात ती खरखर आणायची, वाक्याच्या शेवटी तो हेल द्यायचा. रात्री घसा बसायचा. त्याहून वाईट म्हणजे आत्याबाई नेमकं काय म्हणते आहे, कोणावर चिडली आहे, याकडे माझं लक्षच नसायचं. सगळं लक्ष खरखरीवर. मग पत्रं आली. एका पोस्टकार्डावर लिहिलं होतं, ‘मेलेल्या बाईची नक्कल करताना तुम्हाला काही वाटत नाही का?’ ते कार्ड वाचून मी जिन्यात बसून रडले. एक तर त्या बाईंवर माझं प्रेम होतं. आणि दुसरं म्हणजे कार्ड लिहिणारीचं बरोबर होतं, हे मला कळलं होतं.

चौथ्या भागापासून मी खरखर सोडली. आत्याबाई माझ्या आवाजात बोलायला लागली. त्यांची एकच गोष्ट ठेवली. कोणाला रागवायच्या आधी त्या जराशा थांबायच्या, अर्धा श्वास. तो अर्धा श्वास मी शेवटच्या भागापर्यंत सोडला नाही. त्याबद्दल कोणीच काही लिहिलं नाही. पण माझ्यापुरता तेवढ्या जागेत मी त्यांना रोज नमस्कार करत होते.

खूप वर्षांनी मी शिनचॅनच्या जपानी आवाजाबद्दल वाचलं आणि मला ते जिन्यातले दिवस आठवले. अकिको याजिमा यांनी १९९२ पासून शिनचॅनला आवाज दिला आणि २०१८ मध्ये स्वतःहून तो सोडला. आवाज तयार करण्याकडेच लक्ष जायला लागलं, तो आतून आपोआप यायला हवा तसा येईना, असं कारण त्यांनी दिलं होतं. ज्या बाईंनी तो आवाज घडवला, त्यांनाच एका टप्प्यावर वाटलं की आता आवाज पुढे येतोय आणि पोरगं मागे राहतंय. म्हणून त्यांनी ते पात्र दुसरीच्या हाती दिलं. या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. पात्र जगायचं असेल तर आवाज बदलला तरी चालतो. नुसता आवाज जपला तर पात्र जगेलच असं नाही.

म्हणून तुझ्या हार्ड डिस्कवरच्या चाळीस मिनिटांबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे. ती पुढे देऊ नकोस.

ग्रुपमधली मुलं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना तो माणूस परत हवा आहे, एवढंच. पण त्या माणसाला कोणी विचारलं होतं का? ‘स्टार वॉर्स’ सिनेमांतल्या डार्थ वेडरचा आवाज असलेले जेम्स अर्ल जोन्स यांनी जुन्या ध्वनिमुद्रणांवरून आपला आवाज तयार करायची परवानगी स्वतः दिली होती. २०२२ मध्ये ते जाहीर झालं, तेव्हा ते ९१ वर्षांचे होते आणि त्यानंतर दोन वर्षांनी गेले. त्यांचा निर्णय त्यांनी जिवंतपणी घेतला. इकडे आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ च्या जुलैमध्ये अरिजित सिंग यांच्या अर्जावर, त्यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना अंतरिम मनाई केली. अरिजित सिंग कोर्टात जाऊ शकले कारण ते आहेत. तुझे कलाकार जाऊ शकत नाहीत. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही, त्याच्या बाबतीत आपण जास्त जपून वागायला हवं.

आणि ते चॅनलकडे जाणार म्हणता. चॅनलला आवडलं तर पुढे काय होईल ते तू या धंद्यात असून तुला मी सांगायला नको. आधी नव्या मुलाचं काम जाईल. मग दुसऱ्या पात्राचं. ज्या खोल्यांमध्ये तुझ्या कलाकारांनी आयुष्यभर उभं राहून पोट भरलं, त्या खोल्या त्यांच्याच आवाजाने बंद करायच्या. त्यांच्या नावाने हे व्हावं, असं तुला वाटत असेल असं मला वाटत नाही.

हाताला काम हवं असेल तर माझ्याकडे एक आहे, आणि ते ग्रुपलाही सांग. हिंदी डबिंग करणाऱ्यांची नावं टीव्हीवर क्वचित येतात. तुझ्या कलाकारांनी त्या एका पात्राशिवाय आणखी काय काय केलं, ठाऊक आहे का तुम्हाला? कोणते सिनेमे, कोणत्या मालिका, कोणत्या जाहिराती, किती सालापासून? ते शोधा. त्यांच्याबरोबर काम केलेल्यांना विचारा. डबिंग दिग्दर्शक, साउंड रेकॉर्डिस्ट, संवाद लिहिणारे, सगळे याच शहरात आहेत आणि अशा माणसांना कोणी विचारायला येत नाही म्हणून ते भरभरून सांगतात. खात्री झालेलंच लिहा. मग ती यादी नीट छापून त्यांच्या घरी पोचवा. घरच्यांना आपला माणूस किती घरांमध्ये बोलत होता याचा अंदाज सहसा नसतो. मला त्या आत्याबाईंच्या मुलीने एकदा विचारलं होतं, ‘आई नक्की किती नाटकांत होती हो?’ आणि मला धड सांगता आलं नव्हतं. ते मला अजून लागतं.

नवा आवाज ऐकायचा की नाही, हा तुझा शेवटचा प्रश्न. इथे आपली मराठी रंगभूमी तुझ्या मदतीला येईल. तिथे याला ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात आणि प्रेक्षकांना त्याची जुनी सवय आहे. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी ‘नटसम्राट’ उभा केला. पुढे दत्ता भटांनी केला, सतीश दुभाषींनी केला, यशवंत दत्तांनी केला. कोणाचे अप्पा बेलवलकर थोर, यावर मी शिवाजी मंदिरच्या बाहेर रात्री बारा वाजता कडाक्याची भांडणं ऐकली आहेत. मागून आलेल्यांमुळे लागू पुसले गेले, असं मात्र कोणी म्हटलेलं ऐकलं नाही. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ तर त्याहून अवघड. लक्ष्मण देशपांड्यांनी ते लिहिलं आणि त्यातली पन्नासच्या वर माणसं एकट्याने उभी केली. २००९ मध्ये ते गेले. आता हे कोण करणार, असं वाटत होतं. पुढे संदीप पाठक ते करायला लागले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पहिली दहा मिनिटं मला देशपांडेच ऐकू येत होते आणि समोरचा माणूस परका वाटत होता. मग कधीतरी मी हसले. हसल्यावर अपराधी वाटलं. परत हसले. मध्यंतरात चहा घेताना डोळे भरून आले आणि ते नेमके कोणासाठी, हे मी शोधत बसले नाही.

तुला इतक्यात ऐकायचं नसेल तर ऐकू नकोस. केविन कॉनरॉय २०२२ मध्ये गेले. १९९२ पासून ते बॅटमनचा आवाज होते आणि त्यांच्यासमोर जोकर करणारे मार्क हॅमिल यांनी सरळ सांगितलं की केविन नाही तर मलाही तो जोकर आता करावासा वाटत नाही. इतकी वर्षं एकत्र काम केलेल्या माणसाला थांबायची मुभा आहे, तर तुला का नसावी? थांब. सहा महिने थांब, नाहीतर कायमचा थांब. जुने भाग कुठे जात नाहीत. नवं न ऐकणं हा तुझा हक्क आहे. नव्या कलाकाराला रात्री दोन वाजता लायकी दाखवायला जाणं मात्र त्या हक्कात बसत नाही.

तो मुलगा आत्ता कसा उभा राहतो याची मला पूर्ण कल्पना आहे. त्याची निवड करताना त्याला जुन्या आवाजाचे नमुने ऐकवले असतील आणि ‘मॅच’ करायला सांगितलं असेल. मॅच केलं तर चाहते म्हणतात नक्कल, नाही केलं तर म्हणतात शोभत नाही. आणि बरोबरच्या कलाकारांपैकी निम्म्यांना तो समोर आला की गेलेला माणूस आठवतो. कदाचित त्यालाही आठवत असेल. मुंबईचं डबिंगचं जग फार लहान आहे, ते दोघं एकमेकांना ओळखत असण्याची बरीच शक्यता आहे. ‘प्रयत्न करतोय’ हे दोन शब्द त्याने तुला रागावून लिहिलेले नाहीत. रागावलेला माणूस ब्लॉक करतो.

मला मेलेल्या बाईची नक्कल म्हणणाऱ्या त्या पोस्टकार्डानंतर सुमारे वर्षभराने आणखी एक कार्ड आलं होतं. गिरगावातल्या एका बाईंचं. ‘तुम्ही आलात तेव्हा रेडिओ बंद केला होता. परवा मुलीने लावला. आता ऐकते.’ एवढंच. नाव नाही, पत्ता नाही. आधीच्या कार्डाचं अक्षर हेच होतं का, हे मी पडताळून पाहिलं नाही. ते दुसरं कार्ड माझ्याकडे अजून आहे.

तर आज रात्री ते इन्स्टाग्राम उघड. मोठी माफी, तुझं सगळं लहानपण, तुला किती वाईट वाटलं, यातलं काही लिहू नकोस. ते वाचून तुझं सांत्वन करायचं काम त्याच्या गळ्यात पडेल. ‘प्रयत्न करतोय’च्या खाली लिही, ‘मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. माफ करा. तुम्हाला शुभेच्छा.’ लिहून पाठव आणि फोन बाजूला ठेव. उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज करू नकोस.

तुझी,
ताई